गावाकडच्या कष्टकऱ्यांचे सिनेमे आणि त्यात नक्की कोण दिसतं: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बडोद्यातली काही मराठी मंडळी अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमतो आणि सिनेमा बघतो, बहुतेक वेळा गावातल्या, हातावर पोट असलेल्या माणसांचा, आणि मग चहा होतो आणि वाद होतो आणि कधी कधी वाद चहापेक्षा फारच लांबतो. नवीन कोणी आलं की प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. ही उत्तरं माझी आहेत, सगळ्यांना पटतातच असं नाही. आणि हो, खाली बऱ्याच सिनेमांचे शेवट सांगितलेत, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सिनेमे बघून या.

गावातल्या कष्टकऱ्यांचे सिनेमे म्हणजे कुठले? शेतकऱ्याचा कुठलाही चालतो का?

नाही. हिरवं शेत आहे, बैलगाडी आहे आणि हिरो पाटलाचा मुलगा आहे, तर तो गावात शूट केलेला सिनेमा झाला. आम्ही म्हणतो ते सिनेमे असे की ज्यातून काम काढून टाकलं तर गोष्टच उरणार नाही. मंथन (१९७६) मधून दूध काढून टाका, मिर्च मसाला (१९८७) मधून मिरची कांडणं काढून टाका, फँड्रीमधून डुकरं पकडणं काढून टाका, काय राहील? मराठीतला जैत रे जैत (१९७७), धनगरांवरचा ख्वाडा, गुजरातीतले हेल्लारो आणि छेल्लो शो, हेही आमच्याकडे सारखे येतात. गुजरातमधले जरा जास्त आहेत कारण आपण इथे राहतो, अमूलचं आणंद इथून तासाभरावर आहे, आणि दुधाच्या मंडळीपुढची, म्हणजे गावच्या दूध सहकारी संस्थेपुढची, रांग आपल्यापैकी बऱ्याच जणांनी येता-जाता पाहिलेली असते.

मंथनला तर शेतकऱ्यांनीच पैसे दिले होते. मग त्यांचं प्रतिनिधित्व झालंच की, आता अजून काय पाहिजे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो आवडतो, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

आधी जे झालं ते मोठं होतं हे मान्य करूया. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख जमले, आणि सिनेमा सुरू होताना निर्माता म्हणून त्या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख येतो. रिलीज झाल्यावर गावंच्या गावं ट्रक भरून बघायला आली. श्याम बेनेगलांचं दिग्दर्शन, आपल्या विजय तेंडुलकरांची पटकथा, जिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कॅमेरा गोविंद निहलानींचा. २०२४ मध्ये त्याची नीट करून घेतलेली प्रिंट कान्सला दाखवली गेली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, की हे आपल्या शेजारच्या गावांच्या दोन-दोन रुपयांतून झालेलं आहे.

पण आता गोष्ट कुठून सुरू होते ते बघा. गावात दुधाची मंडळी उभी करायला रेल्वे स्टेशनवर डॉक्टर राव उतरतात, गिरीश कर्नाड, शहरातले, शिकलेले, आणि तिथून पुढे गाव आपल्याला दिसतं ते जवळजवळ त्यांच्याच नजरेने दिसतं. भोला (नसीरुद्दीन शाह) चिडलेला का आहे ते आपल्याला तेव्हाच कळतं जेव्हा डॉक्टरांना कळतं. बिंदूच्या (स्मिता पाटील) घरात आपण जातो ते डॉक्टर दुधाचं सॅम्पल मागायला जातात म्हणून. म्हणजे पैसा शेतकऱ्यांचा आहे पण डोळा डॉक्टरांचा आहे. आणि माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे, की पडद्यावर कोण किती वेळ आहे ते मोजून फार काही कळत नाही, गोष्ट कोणाच्या डोळ्याने चाललीय आणि निर्णय कोण घेतंय ते बघायला लागतं.

मंथनचा मोठेपणा असा की हे त्याला स्वतःला माहीत आहे. डॉक्टरांची बदली होते, ते निघून जातात, आणि मंडळी चालू ठेवायला उभा राहतो तो भोला, हरिजन वस्तीतला, जो आधी शहरातल्या माणसाचं तोंडही बघायला तयार नव्हता. सुरुवात डॉक्टरांची आणि शेवट भोलाचा. त्या काळात हा शेवट लिहिणं सोपं नसणार.

राहिली बिंदू. तिची म्हैस आहे, दूध ती काढते, डॉक्टरांवर विश्वास सगळ्यात आधी ती ठेवायला लागते, आणि तिच्याच अंगठ्याचा ठसा कागदावर घेऊन डॉक्टरांवर खोटा आळ घेतला जातो, तिला वाचता येत नाही म्हणून. भोलाला शेवटी मंडळी मिळते, बिंदूला नाही मिळत. खऱ्या आयुष्यातही बऱ्याच ठिकाणी चारा, शेण, धार सगळं बाईकडे आणि मंडळीच्या वहीत नाव नवऱ्याचं. तेव्हा ते पाच लाख कोण होते असं विचारलं तर त्यांच्यामागे अजून कितीतरी बायका उभ्या होत्या ज्यांच्या नावावर दोन रुपये लागले नसतील.

पण स्मिता पाटील तर मंत्र्यांची मुलगी, पुण्यात शिकलेली, तिने गावच्या बाईचं काम केलं ते तुम्हाला चालतं का?

चालतं. तिने बिंदू केली, मिर्च मसालातली सोनबाई केली, जैत रे जैतमधली ठाकर आदिवासींमधली चिंधी केली, आणि तिन्हीत ती कमरेत वाकते कशी, उभी राहते कशी ते बघा, तिने बायकांना काम करताना नीट पाहिलेलं आहे. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घेणंच की. मी कधीच असं म्हणणार नाही की ज्या जातीचं पात्र त्याच जातीचा नट पाहिजे, तसं केलं तर सगळे जण आपापल्या गल्लीत अडकून पडतील.

पण दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडा पाहिजे ना. शहरातल्या नटाला गावचा माणूस करता येतो, तर गावच्या पोराला कधी काही करायला मिळतं का? म्हणून फँड्री महत्त्वाचा. जब्या करणारा सोमनाथ अवघडे कॅमेऱ्यासमोर आधी कधी उभा न राहिलेला खेड्यातला मुलगा, त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच्या बापाच्या भूमिकेत किशोर कदमांसारखा मुरलेला नट, आणि दोघं एका घरातले वाटतात. छेल्लो शोमध्ये तर अजून छान झालंय, भाविन रबारी, आडनावावरूनच मालधारी, म्हणजे गुरं राखणाऱ्या, समाजातला कळतो, त्याने स्टेशनवर चहा विकणाऱ्या ब्राह्मणाच्या मुलाचं काम केलं आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोणाला काही खटकलं नाही. मला हे फार आवडलं, कारण नेहमी उलटं होत आलंय.

आणि नटापेक्षाही जास्त फरक पडतो तो लिहिणाऱ्याने आणि दिग्दर्शकाने. फँड्रीचे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, जेऊरचे, ज्या गोष्टी सोसल्या त्याच्या जवळपासच्या गोष्टी त्यांनी दाखवल्या. ते आठवा, डुक्कर अगदी हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. हा सीन मुंबईत एसीत बसून सुचत नाही, असं मला वाटतं. त्यासाठी शाळेच्या भिंतीच्या बाहेरून राष्ट्रगीत ऐकलेलं असावं लागतं.

प्रत्येक वेळी जात कशाला आणता? आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांमुळे असलं काही नव्हतंच.

हा प्रश्न आमच्याकडे बहुतेक काका-आजोबा मंडळी विचारतात, आणि महाराजांबद्दलचा आदर मलाही तेवढाच आहे, माझ्या घरात त्यांचा फोटो आहे. संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी आणलं, १८९३ ला अमरेली भागात सुरुवात आणि १९०६ ला सगळ्या राज्यात. बाबासाहेबांना १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली ती त्यांनीच.

पण तेच बाबासाहेब १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, ऑफिसात शिपाई कागद लांबून टाकायचे, आणि शेवटी ते कमाटीबागेत झाडाखाली बसले आणि मग मुंबईची गाडी पकडली. ज्या बागेत आपण मुलांना खेळायला नेतो तीच बाग. राजा एवढा चांगला, कायदे एवढे पुढचे, आणि तरी शहराने हे केलं. तेव्हा सिनेमात जात आली की ती बाहेरून कोणीतरी आणून चिकटवली असं वाटायचं कारण नाही, ती इथेच होती आणि आपल्या घराच्या बाजूला होती.

उलट मी म्हणेन की गावच्या कष्टाचा सिनेमा आणि त्यात जात नाही, तर तिथे काहीतरी लपवलंय. कोण कातडं काढतं, कोण ढोल वाजवतं, कोणाची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला, हे सगळं कामच आहे आणि हे सगळं जातीनेच वाटलेलं होतं. म्हणून फँड्रीचा शेवट बघताना त्रास होतो. मेलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या आणि घरचे नेतायत आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं. मग जब्याने भिरकावलेला तो दगड येतो, थेट आपल्याकडे. आमच्याकडे एका मावशींनी विचारलं होतं की आपल्यावर कशाला मारला, आपण काय केलं? मला वाटतं हा प्रश्न मनात घेऊन घरी जावं म्हणूनच तो मारलाय.

बायका असल्या की झालं का? मिर्च मसाला, हेल्लारो हे बायकांचेच सिनेमे आहेत ना?

आहेत, आणि दोन्ही बघाच. पण बायका भरपूर आहेत एवढ्यासाठी नाही.

मिर्च मसालात सोनबाई तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या सुभेदाराला थोबाडीत देऊन पळते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. आता आत ज्या कामकरी बायका आहेत त्या सगळ्या तिच्या बाजूने एकदम उभ्या राहतात का? नाही राहत. कोणी म्हणते आपल्या पोटावर पाय येईल, कोणी म्हणते तू जा ना त्याच्याकडे, एका तुझ्यापायी सगळ्यांचा जीव जाईल, कोणी गप्प, कोणी घाबरलेली, आणि दीना पाठक, रत्ना पाठक, सुप्रिया पाठक अशा एकेकीने ते इतकं वेगवेगळं केलंय. मला खरी विविधता ही वाटते. दहा कामकरी बायका म्हणजे एक गठ्ठा नव्हे, दहा डोकी, दहा हिशोब, दहा भीती. आणि म्हणूनच शेवटी त्या मिरचीची पूड घेऊन धावतात तेव्हा अंगावर काटा येतो, कारण तो निर्णय त्या बायकांनी घेतलाय, भांडून भांडून. त्यांच्या हातात जे आहे ते त्यांच्या रोजच्या मजुरीचं सामानच आहे. गावात बाहेर दीप्ती नवल आहे, मुखीची म्हणजे गावप्रमुखाची बायको, मुलीला शाळेत घालायचं म्हणून हट्ट धरणारी, थाळ्या वाजवत बायकांना रस्त्यावर आणणारी. ती मोठ्या घरातली आणि आतल्या मजुरीवाल्या, आणि सिनेमा दोघींना एक करून टाकत नाही. स्मिता पाटील हा रिलीज व्हायच्या आधीच गेली, डिसेंबर १९८६ मध्ये, त्यामुळे शेवटी हातात विळा घेऊन उभी असलेली ती बघवत नाही.

हेल्लारो १९७५ च्या कच्छमधला, पाणी भरायला मैल मैल जाणाऱ्या बायका, ज्यांना गरबा खेळायची बंदी आहे, गरबा गावात पुरुष खेळतात. आपण बडोद्याचे लोक नवरात्रात रात्ररात्र गरबा खेळतो, आपल्याला हे बघताना धक्का बसतो. त्यातल्या तेरा अभिनेत्रींना मिळून राष्ट्रीय पुरस्कारांत स्पेशल ज्युरी अवॉर्ड मिळालं, एकीला न देता तेरा जणींना, हे मला फार योग्य वाटलं. एकच गोष्ट सांगते, त्यात ज्याच्या ढोलावर त्या नाचतात तो मुलजी खालच्या मानलेल्या जातीचा आहे, आणि बायकांची सुटका त्याच्या दुःखावर उभी आहे. सिनेमा ते दाखवतो. पण बघून बाहेर आल्यावर सगळे गरब्याबद्दल बोलतात आणि मुलजीबद्दल फार कमी.

मुसलमान पात्रं कुठे असतात या सिनेमांत?

फार कमी असतात, आणि असली तर बऱ्याचदा एकच काम त्यांना दिलेलं असतं, चांगलं वागायचं आणि मरायचं. मिर्च मसालातला अबू मियाँ, ओम पुरी, कारखान्याचा म्हातारा पहारेकरी, सगळं गाव सोनबाईला देऊन टाकायला तयार असताना हा एकटा दार बंद करून उभा राहतो आणि जीव देतो. माझ्या सगळ्यात आवडत्या पात्रांपैकी एक. पण मला एकदा तरी असा सिनेमा बघायचाय की ज्यात गावचा पिंजारी किंवा विणकर मुसलमान आहे, त्याचं कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे, मालकाशी भांडण आहे आणि शेवटी तो जिवंत आहे, घरी बसून जेवतोय. एवढंच.

आणि आदिवासी?

माझ्या मते सगळ्यात मोठं भगदाड इथे आहे. बडोद्यात कुठेही रस्ता खणत असेल, बिल्डिंग उभी राहत असेल तर बघा, दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडून आलेली कुटुंबं असतात, भिल्ल, राठवा, बाळ साडीच्या झोळीत आणि आई डोक्यावर सिमेंटचं तगारं घेऊन. गावात जमीन आहे थोडीशी, पाऊस संपला की शहर, पुन्हा पावसाला गाव. ही एवढी मोठी ये-जा आपल्या डोळ्यांसमोर चाललीय आणि तिच्यावर घराघरात पोचलेला एक सिनेमा मला सांगता येत नाही. राठवांची पिठोऱ्याची, म्हणजे पिठोरा देवाची भिंतीवर काढतात ती, चित्रं आपण कॅफेच्या भिंतीवर बघतो, पण चित्र काढणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. जैत रे जैत सुंदर आहे, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत, मी किती वेळा ऐकलंय, पण तोही बाहेरून डोंगराकडे बघितलेला सिनेमा आहे. ठाकर मुलीने स्वतः कॅमेरा धरला असता तर ज्या मधाच्या मोहोळाभोवती गोष्ट फिरते त्याच्या आधी तिने कदाचित चुलीतलं जळण दाखवलं असतं.

मंथनमधले गुजराती गावकरी हिंदी बोलतात, ते खटकत नाही का?

थोडं खटकतं. गुजराती वळणाची हिंदी आहे, देशभर पोचायचं होतं म्हणून केलं असणार, समजू शकते. पण चरोतरच्या, म्हणजे आणंद-खेडाकडच्या, बाईच्या तोंडचा राग तिच्या भाषेत जसा येतो तसा हिंदीत येत नाही, हे इथे राहणाऱ्याला कळतं. सैराटने करमाळ्याकडची बोली आहे तशी ठेवली आणि पुण्या-मुंबईचे लोकही कान देऊन बघत बसले, आमच्याकडच्या बडोद्यात जन्मलेल्या मुलांनाही सगळं कळलं. तेव्हा बोली ठेवली की प्रेक्षक पळतात हे काही खरं नाही.

गरिबी दाखवून अवॉर्ड मिळवायचे धंदे आहेत हे सगळे, नाही का?

काही सिनेमे तसे असतात, हो. ओळखायचं कसं ते सांगते, त्यातली माणसं एकमेकांशी हसतात का, एकमेकांना चिडवतात का, कोणाला काही आवडतं का ते बघा. ख्वाडातला धाकटा पोरगा कुस्तीवर जीव टाकतो, जब्याला वर्गातली शालू आवडते आणि तो नवीन जीन्सची स्वप्नं बघतो. नुसता रडतच असलेला गरीब माणूस दिसला तर समजा लिहिणारा कधी त्यांच्यात जाऊन बसलेला नाही.

मुलांना कुठल्यापासून सुरुवात करू?

छेल्लो शो आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही चालेल. फँड्री बारा-तेराच्या पुढे, आणि बरोबर बसून बघा, नंतर बोला. मिर्च मसाला अजून थोडं मोठं झाल्यावर.

आम्हाला स्वतःला जवळच्या गावात जाऊन शॉर्टफिल्म करायचीय. काय लक्षात ठेवू?

करा, जरूर करा, आणि काही गोष्टी कृपा करून पाळा.

शूटिंगचा दिवस म्हणजे त्या माणसाची बुडालेली मजुरी. बुडालेला रोज तर द्यायचाच, वर कामाचे पैसे वेगळे, आणि ते संध्याकाळी हातात, नंतर देतो असं नाही. पहाटे आणि संध्याकाळी धार काढायची, मंडळीवर दूध भरायची वेळ असते, त्या वेळी कोणाला लाइटसाठी थांबवून ठेवू नका, दूध वेळेवर पोचलं नाही तर नासतं आणि नुकसान त्यांचं होतं. सरपंचांची परवानगी घ्याच पण तिथेच थांबू नका, ज्या वस्तीत शूट करायचंय तिथल्या लोकांना वेगळं विचारा, कारण सरपंच हो म्हणाले म्हणजे वस्ती हो म्हणाली असं होत नाही. बायकांशी बोलायचं असेल तर टीममध्ये बाई पाहिजे, आणि घरातल्या पुरुषाने सांगितलेलं उत्तर तिचं उत्तर म्हणून लिहू नका.

स्क्रिप्ट लिहून नेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिथे वाचून दाखवा आणि कोणी म्हटलं की आमच्याकडे असं कोणी बोलत नाही, तर ते वाक्य बदला, लगेच, तिथेच. नावं शेवटी पाटीवर टाकताना ग्रामस्थांचे आभार अशी एक ओळ टाकून मोकळे होऊ नका, प्रत्येकाचं पूर्ण नाव, त्यांना जसं पाहिजे तसं, आणि ज्याला नाव नको असेल त्याचं टाकू नका. फिल्म तयार झाली की आधी बडोद्यातल्या हॉलमध्ये दाखवायची घाई नको. प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि स्पीकर घेऊन आधी त्या गावात जा, दूध भरून झाल्यावरची वेळ ठेवा म्हणजे बायकाही येतील, आणि कोणी म्हणालं की माझा हा भाग काढा, तर तो काढायची तयारी ठेवूनच जा.